परळीचा मनोरा आणि अणुविजेची प्रतिमा

बीड जिल्ह्यात अणुवीज केंद्र नाही. तरीही अणुविजेविषयीचे गैरसमज तपासताना आम्हाला परळी वैजनाथपासून आरंभ करावासा वाटतो. तिथे १९७१ पासून कोळशावर वीज निर्माण होत आली आहे. अशा केंद्रांतले कमरेशी निमुळते कूलिंग टॉवर व्यंगचित्रांत मात्र अणुविजेचे चिन्ह होऊन बसले आहेत. वास्तविक हा मनोरा केवळ पाणी थंड करतो. त्यातून निघणारा पांढरा लोट धुराचा नसून बाष्पाचा असतो. परळीकरांना छळणारी राख येते ती कोळसा जाळल्याने. उलट, महाराष्ट्रातील एकमेव अणुवीज केंद्र असलेल्या तारापूरला असे मनोरे नाहीत. तिथे समुद्राचे पाणीच ते काम करते.

प्रतिमेने जे केले, तेच शब्दानेही केले. ‘अणू’ हा शब्द वैशेषिक दर्शनाइतका जुना. पण आधुनिक वाचकाच्या मनावर तो १९४५ च्या हिरोशिमाने कोरला. तारापूरची वीज आली १९६९ मध्ये. बॉम्ब आधी आणि वीज नंतर, या क्रमामुळे अणुभट्टी म्हणजे झोपलेला बॉम्ब, ही समजूत रुजली. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांच्या इंधनात युरेनियम-२३५ चे प्रमाण जेमतेम दोन-तीन टक्के असते; बॉम्बसाठी ते नव्वदच्या आसपास लागते. तेव्हा भट्टीचा अणुस्फोट संभवत नाही.

म्हणून ती निर्धोक ठरते काय? नाही. भट्टी बंद केली की धोका संपला, हा दुसऱ्या टोकाचा गैरसमज होय. २०११ मध्ये फुकुशिमाच्या चालू भट्ट्या भूकंप होताच आपोआप बंद झाल्या होत्या. परंतु बंद भट्टीतले इंधनही उष्णता देत राहते. त्सुनामीने ते थंड ठेवणारी यंत्रणा निकामी केली आणि अनर्थ ओढवला.

याच ठिकाणी बीडचा अनुभव मोलाचा ठरतो. उष्णता कोळशाची असो वा युरेनियमची, दोन्हीकडे टर्बाईन फिरवते ती वाफच आणि त्या वाफेचे पुन्हा पाणी करण्यासाठी थंडावा लागतोच. २०१३ आणि २०१५ साली परळीचे केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. कोळशाच्या जागी युरेनियम असते, तरी कोरड्या पडलेल्या जलाशयाने ते केंद्रही थांबवले असते. अणुवीज हवी की नको, हा वाद अवश्य व्हावा. दुष्काळी मुलखात मात्र त्याची सुरुवात पाण्यापासून व्हावी, असे आम्हाला वाटते.