अखंड आणि खंड : दूरचित्रवाणीवरील जाहिरातींच्या विरामांचा इतिहास

आमच्या देवालयांच्या परंपरेत 'अखंड' या शब्दाला जी प्रतिष्ठा आहे, ती दुसऱ्या विशेषणाला क्वचितच लाभली असेल. नंदादीप अखंड तेवावा, नामस्मरण अखंड चालावे, हा आपला आदर्श. वास्को येथील दामोदराच्या भजनी सप्ताहात चोवीस तास भजनाचा सूर तुटू दिला जात नाही. कलबुर्गी जिल्ह्यातील गाणगापूर क्षेत्री भीमा-अमरजेच्या संगमापाशी गुरुचरित्राचे पारायण करणारा भाविक अध्याय अर्धा टाकून आसनावरून उठत नाही. असे असूनही आपल्या पूर्वजांना विराम वर्ज्य होता असे मात्र नव्हे. नारदीय कीर्तनात पूर्वरंग संपला की नामघोष होतो, बुवांच्या कपाळी बुक्का लागतो, गळ्यात हार पडतो, आणि मगच उत्तररंगातील आख्यानास आरंभ होतो. हा विराम कोणास खुपत नाही. निरूपण जेथे पूर्ण झाले तेथेच तो येतो, हे त्याचे कारण होय. द्रौपदी धावा करीत असता, श्रीकृष्ण अद्याप पावला नसता, बुवांनी टाळ खाली ठेवून कोणा दुकानदाराच्या मालाची वाखाणणी आरंभिली, तर सभामंडप किती वेळ शांत राहील?

ही कल्पना हास्यास्पद वाटेल. परंतु बीदर-कलबुर्गीच्या सीमाभागापासून गोमंतकापर्यंत घरोघरी दूरचित्रवाणीसमोर बसलेला प्रेक्षक नेमके हेच रोज सोसत असतो. हे सोसणे त्याच्या वाट्यास कसे आले, ते कमी करण्याचे प्रयत्न कोणी व केव्हा केले, आणि ते कोठे अडले, याचा इतिहास फारसा कोणी सांगत नाही. तो येथे संक्षेपाने मांडण्याचा आमचा विचार आहे.

या इतिहासाचा आरंभ आमच्या सीमाभागाशी निगडित आहे, ही गोष्ट पुष्कळांच्या विस्मरणात गेली आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साहाय्याने भारताने ग्रामीण दूरचित्रवाणीचा एक महाप्रयोग केला. 'साइट' या नावाने तो ओळखला जातो. सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेडी त्यासाठी निवडण्यात आली आणि कर्नाटकातून गुलबर्गा, रायचूर व विजापूर हे तीन जिल्हे घेण्यात आले. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीची मोठी थाळी उपग्रहाकडे तोंड करून उभी करावयाची आणि सार्वजनिक जागी एकच संच ठेवून सर्व गावाने तो पाहावयाचा, अशी ती व्यवस्था. सकाळी दीड तास शाळकरी मुलांसाठी आणि सायंकाळी अडीच तास सर्वांसाठी कार्यक्रम होत. कन्नड कार्यक्रमांची निर्मिती हैदराबादच्या केंद्रात होई. शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन, लोककला असे विषय असत. जाहिरात मात्र एकही नसे. मुंबईकराने दूरचित्रवाणी पाहिली ती १९७२ च्या गांधीजयंतीपासून. त्यानंतर तीनच वर्षांत गुलबर्ग्याच्या खेडुताने ती पाहिली, आणि तीही अखंड रूपात पाहिली.

या चित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर तो इतिहास न राहता स्तुतिपाठ होईल. ते वर्ष आणीबाणीचे होते. संचावर जाहिरात नव्हती हे खरे. पण सरकारच्या धोरणांचा गजर होता, आणि पसंत पडले नाही तर दुसरे काही लावावे अशी सोयही नव्हती. वर्ष संपताच उपग्रह परत गेला. त्याची उणीव अंशतः भरून काढण्यासाठी १९७७ साली गुलबर्ग्यास जमिनीवरील प्रक्षेपण केंद्र उभे राहिले. या प्रकरणातून एक धडा मात्र कायमचा मिळाला. प्रक्षेपणाचा खर्च कोणी तरी सोसावाच लागतो, आणि जो तो सोसतो त्याचा आवाज कार्यक्रमात उमटल्यावाचून राहत नाही. राजा पैसा देईल तर राजाचा, वाणी देईल तर वाण्याचा.

वाण्याचा आवाज आकाशात शिरला तो प्रथम नभोवाणीच्या द्वारे. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहितीमंत्री असताना आकाशवाणीवर चित्रपटगीतांना उतरती कळा लागली, आणि श्रोते जाहिरातींसह गाणी ऐकविणाऱ्या रेडिओ सिलोनकडे वळले. १९५७ साली विविध भारती निघाली ती बव्हंशी या श्रोत्यास परत आणण्यासाठी. पुढे अशोक चंदा यांच्या समितीने १९६६ साली व्यापारी प्रक्षेपणाची शिफारस केली आणि १ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबई, पुणे व नागपूर येथून विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या. म्हणजे या प्रथेचा पाळणा महाराष्ट्रातच हलला. दूरचित्रवाणीवर जाहिराती आल्या त्या १ जानेवारी १९७६ पासून. योगायोग असा की, त्या दिवशी गुलबर्ग्याच्या खेड्यांतील 'साइट' अद्याप चालू होते. शहरांत विकत घेतलेला क्षण दाखल झाला, तेव्हा सीमाभागातील खेडी जाहिरातविरहित पडदा पाहत होती.

१९८४ साली 'हम लोग' ही प्रायोजित मालिका आली आणि मालिकेचा खर्च व्यापाऱ्याने उचलावा ही पद्धत रूढ झाली. २५ जानेवारी १९८७ रोजी 'रामायण' सुरू झाले, ते ३१ जुलै १९८८ पर्यंत चालले. पाठोपाठ २ ऑक्टोबर १९८८ ते २४ जून १९९० या काळात 'महाभारत' झाले. रविवारी सकाळी संचाला हार घालून, उदबत्ती लावून घरोघर लोक बसत, हे आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी डोळ्यांनी पाहिलेले आहे. त्या काळी प्रायोजकांच्या जाहिराती बहुधा मालिकेच्या आधी व नंतर रांगेने येत. प्रेक्षक त्या वेळात स्नान, पूजा, चहा उरकून घेई. कथा एकदा सुरू झाली की ती सहसा तुटत नसे. हार कशास घातला होता याचा विचार केला तर असे दिसते की, लोकांनी त्या प्रसारणाला कीर्तनाचा दर्जा दिला होता, आणि प्रसारणानेही कीर्तनाची मर्यादा बऱ्याच अंशी पाळली होती.

ही मर्यादा सुटली ती १९९१ नंतर, उपग्रह-वाहिन्या व केबल आल्यावर. २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी टीव्ही सुरू झाली. १९९९ साली अल्फा मराठी व २००० साली हैदराबादहून ई टीव्ही मराठी आली. बीदर, भालकी, औराद या भागांतील मराठी कुटुंबांना आपल्या भाषेतील करमणूक घरबसल्या मिळू लागली, हा लाभ लहान नव्हे. भाषावार रचनेने १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा मुलूख म्हैसूर राज्यात गेला. या वाहिन्यांनी सीमा ओलांडून त्याला मराठीशी पुन्हा जोडले. पण स्पर्धा वाढली तसा विराम आख्यानाच्या टोकावरून आख्यानाच्या पोटात शिरला. उत्कंठा शिगेस पोचली की तेथेच खंड पाडावयाचा, कारण त्या क्षणी प्रेक्षक उठत नाही, हे व्यापाराचे गणित होय.

यावर निर्बंध कसे आले तेही पाहू. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियमावली १९९४ सालची, कायदा १९९५ सालचा. नियम ७ मध्ये २००६ साली अशी भर पडली की, तासाला बारा मिनिटांहून अधिक जाहिरात नसावी. त्यात दहा मिनिटे व्यापारी जाहिरातींची आणि दोन वाहिनीच्या स्वतःच्या जाहिरातींची. पुढे १४ मे २०१२ रोजी भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने अधिक सूक्ष्म विनियम केले. बारा मिनिटांची मर्यादा तर होतीच. शिवाय दोन विरामांत किमान पंधरा मिनिटांचे आणि चित्रपटात तीस मिनिटांचे अंतर असावे, खेळाचे थेट प्रक्षेपण चालू असता खेळ थांबेल तेव्हाच जाहिरात यावी, जाहिरातीचा आवाज कार्यक्रमाच्या आवाजाहून मोठा नसावा, असे दंडक त्यात होते. ज्याने हे लिहिले त्याला कीर्तनाचे मर्म कळले होते असेच म्हणावे लागेल! तथापि वाहिन्यांनी न्यायाधिकरणाकडे धाव घेतली, आणि मार्च २०१३ मध्ये प्राधिकरणाने दुरुस्ती करून बारा मिनिटांची मर्यादा तेवढी ठेवली. अंतराचे व आवाजाचे दंडक गळाले. उरलेल्या मर्यादेवरही वाद झाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने वाहिन्यांवर सक्तीची कारवाई करू नये असा अंतरिम आदेश दिला. तो वाद दशकाहून अधिक काळ रेंगाळला. अंतरिम म्हणून दिलेले संरक्षण एखाद्या पिढीचे बालपण उलटून जाईपर्यंत टिकावे, हे आमच्या न्यायव्यवस्थेत नवल नव्हे.

वाहिन्यांच्या बाजूने काहीच नाही असे समजणे अन्यायाचे होईल. त्यांच्या हाती जे प्रबळ शस्त्र आहे ते एका मराठी वृत्तपत्राने घडविलेले आहे. केंद्र सरकारने १९५६ चा कायदा व १९६० चा आदेश यांच्या आधारे दैनिकांची पृष्ठसंख्या किमतीशी बांधली, आणि जाहिरातींच्या जागेवर नियंत्रणाचा अधिकारही घेतला. पुण्याच्या 'सकाळ'ने त्यास आव्हान दिले. १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा व आदेश घटनाबाह्य ठरविला. जाहिरात कमी करावी लागली तर किंमत वाढेल, किंमत वाढली तर खप घटेल, आणि खप घटणे म्हणजेच विचारप्रसाराच्या स्वातंत्र्याचा संकोच होय, हे त्या निर्णयाचे सार. जी वाहिनी प्रेक्षकाकडून वर्गणी घेत नाही आणि केवळ जाहिरातीवर जगते, तिला हा युक्तिवाद लागू पडतो हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

पण मुद्रित पान आणि आकाशातील क्षण यांत भेद आहे. पानावरची जाहिरात वाचकाला अडवीत नाही; तो नजर फिरवून पुढे जातो. आकाशातील जाहिरात प्रेक्षकाचा काळच अडवून धरते. शिवाय सर्वोच्च न्यायालयानेच १९९५ साली, बंगालच्या क्रिकेट संघटनेच्या प्रकरणात, ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निर्वाळा दिला आहे. कागद मालकाचा असतो, लहरी आपणां सर्वांच्या आहेत. सार्वजनिक रस्त्यावर दुकान मांडणाऱ्यास किती जागा व कोठे, हे विचारण्याचा अधिकार लोकांना असतोच. आणि जी वाहिनी दरमहा वर्गणीही घेते व जाहिरातही दाखविते, तिने 'आमचा निर्वाह कसा व्हावा?' असे विचारणे तर शोभत नाही.

या बाबतीत बाहेरच्या जगाचा अनुभव उद्बोधक आहे. ब्रिटनने १९५४ च्या कायद्याने व्यापारी दूरचित्रवाणीस परवानगी दिली, पण जाहिरात कार्यक्रमातील स्वाभाविक विरामातच यावी असे बंधन घातले. फ्रान्सने जानेवारी २००९ पासून सरकारी वाहिन्यांवरील रात्री आठनंतरच्या व्यापारी जाहिराती बंद केल्या. अमेरिकेत उलटा प्रकार घडला. तेथे प्रक्षेपकांच्या संघाने स्वेच्छेने आखलेली वेळेची मर्यादा १९८२ साली स्पर्धाविरोधी ठरून कोलमडली. म्हणजे जे शिष्टाचारावर सोडले ते टिकले नाही. युरोपीय समुदायाच्या १९८९ च्या निर्देशात तर आमच्या वाचकांनी विशेष लक्षात घ्यावे असे एक कलम आहे: धार्मिक उपासनेच्या प्रक्षेपणात जाहिरात घालता येणार नाही. आमच्या केबल नियमावलीत धार्मिक हेतूच्या जाहिरातींना बंदी आहे. पण पूजाविधीच्या मध्येच साबणाची जाहिरात घालण्यास तशी बंदी नाही. देवाने बाजारात जाऊ नये, बाजाराने मात्र गाभाऱ्यात यावे, असा हा न्याय!

एक साधा हिशेब मांडतो. जो मनुष्य रोज दोन तास दूरचित्रवाणी पाहतो, त्याच्या वाट्यास बारा मिनिटांची मर्यादा काटेकोर पाळली तरी दिवसाला चोवीस मिनिटे जाहिराती येतात. वर्षाचे १४६ तास होतात, म्हणजे सहा अहोरात्रांहून थोडे अधिक. जवळजवळ एक अखंड सप्ताह! आपण तो कोणत्या दैवतापुढे बसून काढतो, याचा विचार ज्याने त्याने करावा.

उपाय काय, असे कोणी विचारील. केवळ मिनिटे कमी करून काम भागणार नाही, असे या इतिहासावरून आमचे मत बनले आहे. २०१३ साली मिनिटांचा आकडा राहिला आणि विरामाच्या जागेचा नियम गेला. खरे नुकसान तेथे झाले. कीर्तनात, नाटकात, गोमंतकातील दशावतारी काल्यात विराम कोठे पडावा हे कथा ठरविते. दूरचित्रवाणीवरही हा अधिकार कथेकडे परत गेला पाहिजे, आणि त्यासाठी २०१२ चे अंतराचे दंडक पुन्हा जिवंत करणे हाच कायद्याचा मार्ग होय.

परंतु कायद्याची वाट पाहत न बसता करण्याजोगी एक गोष्ट आपल्या हाती आहे. आपल्या देवस्थानांच्या पालख्या, रथोत्सव व आरत्या दाखविण्यासाठी वाहिन्या परवानगी मागावयास येतात. ती परवानगी देताना विश्वस्तांनी करारपत्रात एकच ओळ घालावी: आरतीच्या आरंभापासून मंत्रपुष्पांजलीपर्यंत आणि पालखी उठल्यापासून ती परत टेकेपर्यंत प्रक्षेपणात जाहिरात घालता येणार नाही, पडद्याच्या खालच्या पट्टीवरही नाही. जे विधिमंडळाला व प्राधिकरणाला साधले नाही, ते एका साध्या कराराने साधेल. विश्वस्त ज्याप्रमाणे देवाच्या जमिनीचा व दागिन्यांचा रक्षक असतो, त्याचप्रमाणे तो देवाच्या वेळेचाही रक्षक आहे. पुढील उत्सवाची परवानगी मागणारा अर्ज समितीपुढे येईल, त्या दिवशी ही ओळ लिहिली जावी, इतकेच आमचे मागणे आहे.