पटनीचा वाद

लोकसत्ताक राज्यपद्धति धर्माचा पाडाव करून जन्मास आली, असें आमच्या सुशिक्षित वर्गांत पुष्कळजण गृहीत धरून चालतात. फ्रान्सचा १७८९ चा इतिहास डोळ्यांपुढें असला म्हणजे हा समज स्वाभाविकच वाटतो. इंग्लंडांत मात्र निराळा प्रकार दिसतो, आणि त्याच्या दाखल्यादाखल आम्ही १६४७ सालचा एकच प्रसंग घेतों.

पहिल्या चार्ल्स राजाचा मोड करणाऱ्या पार्लमेंटच्या सैन्याचा तळ त्या वर्षीं लंडनजवळ पटनी येथें होता. पुढील राज्यव्यवस्था कशी असावी, हें ठरविण्यासाठीं अधिकारी व शिपायांचे प्रतिनिधि २८ ऑक्टोबर रोजीं तेथील सेंट मेरी चर्चमध्यें जमले. अध्यक्ष क्रॉम्वेल होता. दुसऱ्या दिवशीं आधीं प्रार्थना झाली आणि मग मताधिकाराचा वाद पेटला. गरिबानें मत देऊं नये असें ईश्वरी आज्ञेंत कोठेंच नाहीं, असें कर्नल रेन्सबरो म्हणाला. असा सरसकट हक्क मानल्यास कोणाची मालमत्ता सुरक्षित राहील, हा आयर्टनचा सवाल होता. चोरी करूं नको या आज्ञेनें ती राहील, असें रेन्सबरोनें उत्तर दिलें. तर आईबापांचा मान राखण्याच्या आज्ञेंत राज्यकर्त्यांचाही मान येतो, असें आयर्टननें बजावलें. म्हणजे दहा आज्ञा दोघांच्याही हातीं होत्या! तेव्हां ख्रिस्ती धर्मग्रंथांतून लोकशाही आपोआप निघाली, असें म्हणणाऱ्यांचें म्हणणेंही आम्हांस पटत नाहीं. खरें बळ ग्रंथापेक्षां मंडळीच्या रोजच्या व्यवहारांत होतें. यांतील पुष्कळ शिपाई स्वतंत्र मंडळ्यांचे सभासद होते. तेथें पाळक सभासदच निवडीत. ज्यानें पाळक निवडला, त्यानें पार्लमेंटचा सभासद कां निवडूं नये?

शिपायांच्या ‘लोकांच्या करारा’ंत याहून महत्त्वाचें कलम आहे. उपासनेच्या बाबतींत कोणत्याही मानवी सत्तेस आम्ही अधिकार दिलेला नाहीं, असें त्यांत म्हटलें आहे. कारण काय, तर सदसद्विवेकबुद्धीला जें ईश्वराचें मत वाटतें तें तिळभरही सोडणें हें पाप होय. हें स्वातंत्र्य धर्माविषयींच्या उदासीनतेंतून आलेलें नाहीं. तें कडव्या श्रद्धेंतून आलें आहे.

स्त्रियांच्या मताचा विषय तेथें कोणीं काढलाच नाहीं. सर्व प्रौढ पुरुषांना ब्रिटनमध्यें मत मिळाले तें १९१८ सालीं. स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीनें १९२८ सालीं.

ही सारी भाषणें विल्यम क्लार्क या सैन्याच्या चिटणिसानें टिपून ठेविलीं होतीं. तें बाड ऑक्सफर्डच्या वूस्टर कॉलेजांत पडून राहिलें, आणि फर्थ यांनीं १८९१ मध्यें तें छापावयास आरंभ केला. आगरकरांच्या पिढीनें ज्याच्याकडून स्वातंत्र्याचे धडे घेतले तो मिल्ल १८७३ मध्येंच वारला होता.