हायड्रोफॉइल (आउटबोर्ड इंजिन)

आउटबोर्ड इंजिनाचा हायड्रोफॉइल हा मोटारबोटीच्या इंजिनाला बाहेरून जोडण्याचा, पंखासारख्या आकाराचा भाग आहे. तो बहुधा प्लास्टिकचा किंवा धातूचा असतो. बोट पाणी कापत न जाता लवकर पाण्याच्या पृष्ठभागावरून घसरू लागावी, म्हणजेच 'प्लेनिंग' अवस्थेत यावी, हा त्याचा मुख्य हेतू होय. संपूर्ण बोट पाण्याबाहेर उचलणाऱ्या हायड्रोफॉइलांशी त्याची गल्लत करू नये. इटालियन संशोधक एन्रिको फोर्लानिनी यांनी १९०६ साली माज्जोरे सरोवरात चालविलेली नौका त्या प्रकारची होती. हा जोडपंख बोटीचा केवळ मागचा भाग उचलून धरतो.

रचना व कार्य

इंजिनाच्या पाण्यातील भागावर, प्रोपेलरच्या वरच्या बाजूस एक आडवी पट्टी असते. तिला सर्रास 'कॅव्हिटेशन प्लेट' म्हटले जाते, परंतु हे नाव चुकीचे आहे. दाब घटून पाण्याचीच वाफ होणे व तिचे बुडबुडे तयार होणे म्हणजे कॅव्हिटेशन. ही पट्टी ते रोखत नाही; वरची हवा प्रोपेलरकडे ओढली जाऊ नये, एवढेच तिचे काम. जोडपंख याच पट्टीवर बसवितात. बोट वेग घेऊ लागली की तिची नाळ, म्हणजे पुढचे टोक, वर उठते व मागचा भाग खाली बसतो. त्या वेळी पाण्यात बुडालेला जोडपंख मागच्या भागाला वर रेटतो आणि नाळ खाली येते.

उपयुक्तता

मागे वजन जास्त असलेल्या, आखूड किंवा कमी शक्तीच्या बोटीला याचा लाभ स्पष्ट जाणवतो. ती लवकर प्लेनिंगवर येते व तुलनेने कमी वेगातही त्या अवस्थेत टिकते. कमाल वेगाची गोष्ट निराळी आहे. इंजिन योग्य उंचीवर असेल, तर भरधाव बोटीत ही पट्टी पाण्याच्या पातळीलगत येते व जोडपंख जवळजवळ मोकळा राहतो. इंजिन खाली बसविलेले असल्यास तो पाण्यातच राहून ओढ वाढवितो आणि वेग घटतो. याहून गंभीर धोका म्हणजे मागचा भाग प्रमाणाबाहेर उचलला जाऊन नाळ पाण्यात रुतणे. अशी बोट नाळेभोवती एकाएकी वळू शकते व आतील माणसे बाहेर फेकली जाऊ शकतात.

पुष्कळदा मूळ दोष अन्यत्र असतो. इंजिनाचे फेरे उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेपर्यंत पोहोचत नसतील, तर प्रथम प्रोपेलर तपासावा. पिच १ इंचाने कमी केल्यास फेरे मिनिटाला साधारण १५० ते २०० ने वाढतात. मागे साठलेले सामान पुढे हलविणे हा तर बिनखर्ची उपाय आहे. पट्टीला पाडलेली छिद्रे मात्र पूर्ववत होत नाहीत. म्हणून छिद्रांविना चिमटीसारखा बसणारा प्रकार चाचणीसाठी बरा.

चाचणी

'बोट सुधारली' हा नुसता अनुभव फसवा असतो, कारण नाळ खाली आल्याने समोरचे स्पष्ट दिसते आणि बोट वेगवान झाल्यासारखी वाटते. तेवढीच माणसे, तेवढेच इंधन व शांत पाणी असताना जोडपंखासह आणि त्याविना फेऱ्या माराव्यात. वारा व प्रवाह यांचा परिणाम वगळण्यासाठी प्रत्येक फेरी दोन्ही दिशांनी करून सरासरी काढावी. स्थिर अवस्थेतून प्लेनिंगवर येण्यास लागणारा वेळ, प्लेनिंग टिकणारा किमान वेग, जीपीएसवरील कमाल वेग आणि इंजिनाचे फेरे यांची नोंद ठेवावी. वळणावरील वागणूक आधी कमी वेगात पाहावी.