आकड्यांतून नादाकडे

घरातील ध्वनिवर्धकाला ‘डिजिटल’ हे विशेषण लागले की ग्राहकाचे समाधान होते. परंतु या एका शब्दाखाली दोन निरनिराळ्या कल्पना नांदत आहेत, आणि त्यांचे कूळही एक नाही.

पहिली कल्पना ॲलेक रीव्ह्ज या ब्रिटिश अभियंत्याची. पॅरिसमध्ये टेलिफोनच्या प्रश्नांवर काम करीत असता १९३७ साली त्याला असे सुचले की, आवाजाची लहर जशीच्या तशी धाडण्याऐवजी ठरावीक अंतराने तिची उंची मोजावी व केवळ आकडे धाडावेत. वाटेत खरखर मिसळली तरी आकडा ओळखता आला म्हणजे झाले. १९३८ साली त्याने फ्रान्समध्ये पेटंटसाठी अर्जही केला. पण निर्वात नलिकांच्या त्या काळात हा खर्च परवडण्याजोगा नव्हता. घराघरांत ही कल्पना शिरली ती १९८२ साली आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कबरोबर. तीवर दर सेकंदाला ४४,१०० मोजमापे असतात, आणि प्रत्येक मोजमाप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एकीवर बसते.

दुसरी कल्पना विजेच्या काटकसरीची. जुन्या पद्धतीचा वर्धक अर्धवट उघडलेल्या नळासारखा. अडवलेली वीज उष्णता होऊन वाया जाते. त्याऐवजी ट्रान्झिस्टर एक तर पूर्ण उघडा, नाही तर पूर्ण बंद ठेवावा आणि उघडा राहण्याचा काळ लहरीप्रमाणे कमीजास्त करावा, ही ‘क्लास डी’ पद्धती. शेवटी तारेची गुंडाळी व कंडेन्सर यांची गाळणी लावली की मूळ लहर तेवढी उरते. यातला ‘डी’ डिजिटलचा नव्हे. ए, बी, सी यांच्या पुढचे ते अक्षर, इतकेच. सिंक्लेअर या ब्रिटिश कंपनीने १९६४ साली असा एक्स-१० संच विक्रीस आणला, पण तत्कालीन ट्रान्झिस्टरांना ती जलद उघडझाप झेपली नाही. शिवाय तो रेडिओत व्यत्यय आणी.

मग आकड्यांचे थेट स्पंदांच्या रुंदीत रूपांतर का करू नये? येथे साधा हिशेब आडवा येतो. ४४,१०० मोजमापे आणि प्रत्येकाच्या ६५,५३६ रुंद्या म्हणजे सेकंदाला सुमारे २८९ कोटी ठोके मोजणारे घड्याळ हवे. यावरील तोड मोठी चतुर आहे. मोजमापे अनेक पटींनी वाढवावयाची, पायऱ्या थोड्याच ठेवावयाच्या, आणि प्रत्येक वेळची चूक, वहीतील बाकी पुढच्या पानावर ओढावी तशी, पुढच्या मोजमापात वळती करावयाची. त्यामुळे दोष नाहीसा होत नाही. तो कानाच्या आवाक्याबाहेरील उंच कंपनांत ढकलला जातो. डेन्मार्कच्या टोकाटा कंपनीने हे तंत्र घरगुती वर्धकात उतरविले. २००० साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने ती कंपनी विकत घेतली.

तरीही एक अडचण राहिली. निव्वळ आकड्यांवर चालणाऱ्या अशा वर्धकात, बाहेर पडलेला आवाज तपासून चूक सुधारण्याची सोय मुळात नसते. वीजपुरवठ्याचा दाब हलला की आवाजही हलतो. म्हणूनच पुष्कळ वर्धकांत आकड्यांची आधी लहर केली जाते, मग त्या लहरीचे स्पंद, आणि गाळणीतून पुन्हा लहर. खोक्यावर मात्र ‘डिजिटल’ हाच शब्द असतो.