घरचे साहित्य, भट्टीची आच : केम परिसरातील बिस्किटांचा इतिहास

सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातील केम हे गाव कुंकवाच्या उत्पादनासाठी आणि उत्तरेश्वराच्या देवस्थानासाठी ओळखले जाते. बिस्किटांच्या संदर्भात त्याचे नाव कोणी घेत नाही. तरीही भट्टीत भाजलेला गोड खाऊ महाराष्ट्राच्या खेड्यांत कसा पोहोचला आणि तो तेथे ‘घरचा’ कसा ठरला, हे समजून घ्यायचे असेल, तर ज्वारीच्या पट्ट्यात वसलेला आणि दीडशे वर्षांहून अधिक काळ लोहमार्गाच्या कडेला असलेला हा परिसर अभ्यासण्याजोगा आहे. या भागात घरी ओव्हन येण्याच्या कितीतरी आधी घरची बिस्किटे आली. त्यांचे पीठ, तूप आणि साखर घरची असे. आच मात्र दुसऱ्याची, म्हणजे बाजारगावच्या भट्टीवाल्याची असे. घरगुती बिस्किटांचा येथील इतिहास या विभागणीतून घडला आहे, आणि केवळ पाककृतींच्या वह्या चाळून तो हाती लागत नाही.

या प्रदेशाचे मुख्य धान्य ज्वारी. रब्बीत काळ्या जमिनीच्या ओलीवर येणारी मालदांडी ही तिची सर्वांत मान्यता पावलेली जात असून तिच्यातून निवडलेला एम 35-1 हा वाण याच जिल्ह्यातील मोहोळ येथील संशोधन केंद्रात 1930 च्या दशकात सिद्ध झाला. ज्वारीच्या पिठात ग्लुटेन, म्हणजे गव्हाची कणीक ओढली असता ताणली जाते तो चिवट प्रथिनांचा बंध, नसतो. म्हणून भाकरी लाटली जात नाही, गरम पाण्यात पीठ मळून ती थापावी लागते, आणि म्हणूनच या धान्याचा पाव फुगत नाही. जेथे लोकांचे रोजचे अन्न थापून तव्यावर भाजले जाते, तेथे चारही बाजूंनी बंद असलेल्या उष्ण पोकळीची, म्हणजे भट्टीची, घरात गरज पडत नाही. सोलापूरकडच्या स्वयंपाकघरात चूल, तवा आणि आर एवढ्यांवर सगळे भागत आले, ते याच कारणाने.

मात्र कोरडे भाजून टिकवण्याची कला येथे जुनीच आहे. कडक भाकरी हे तिचे उत्तम उदाहरण. पातळ थापलेली भाकरी तव्यावर शेकून झाल्यावर मंद आचेवर तिच्यातील पाण्याचा अंश पूर्ण जाईपर्यंत वाळवली जाते आणि मग ती अनेक दिवस खराब होत नाही. प्रवासाला, शेतावर आणि वारीच्या वाटेवर शेंगदाण्याच्या चटणीबरोबर ती खाल्ली जाते. स्कॉटलंडमध्ये ओट्स या थंड हवेच्या धान्याची जाडसर पोळी अशीच तव्यावर भाजून नंतर विस्तवासमोर उभी करून कोरडी केली जात असे. ओट्सच्या पिठालाही गव्हासारखा ताण नाही, त्यामुळे दोन दूरच्या प्रदेशांतील बायकांनी एकाच अडचणीवर जवळजवळ एकच उपाय शोधला, असे म्हणता येते. ओट्सच्या त्या पोळीत पुढे लोणी, साखर आणि अंडे मिसळून अमेरिकेत गोड बिस्किट तयार झाले. फॅनी फार्मर यांच्या 1896 च्या प्रसिद्ध पाकपुस्तकात त्याची कृती आढळते. कडक भाकरीच्या वाट्याला असे गोड रूपांतर आले नाही. गोडासाठी येथे गव्हाचे पीठ, रवा आणि पुढे मैदा वापरला गेला, आणि हा मैदा लोहमार्गावरून आला.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा दिकसाळ ते बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, हा टप्पा 1859 मध्ये खुला झाला आणि 1860 मध्ये गाडी सोलापूरला पोहोचली. केम हे स्थानक जेऊर आणि कुर्डुवाडी यांच्या दरम्यान याच मार्गावर आहे. 1897 मध्ये कुर्डुवाडीहून बार्शीकडे अरुंद मापाची बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली आणि धान्य, कापूस, तेलबिया यांच्या व्यापाराला वेग आला. मालाबरोबर माणसेही हलली, आणि स्टेशनांच्या आसपास चहा, पाव व बिस्किटे विकणाऱ्यांना गिऱ्हाईक मिळू लागले.

परंतु बिस्किट हाताशी आले म्हणून ते तोंडात जाईलच, अशी त्या काळाची स्थिती नव्हती. 1890 मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये गोपाळराव जोशी यांच्या खटपटीने एक सभा भरली आणि तेथे मिशनऱ्यांनी उपस्थितांपुढे चहा-बिस्किटे ठेवली. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासह जे हजर होते त्यांची नावे पुढे वृत्तपत्रात छापली गेली. कोणी चहा घेतला, कोणी पेल्याला नुसता हात लावला, याचा कीस पाडला गेला आणि प्रकरण शंकराचार्यांच्या धर्मपीठापुढे गेले. हे ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्यासंबंधीचा धर्मविषयक वाद, बरेच दिवस चालले. टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचे दाखवले, तर रानड्यांनी 1892 मध्ये प्रायश्चित्त घेतले आणि त्यामुळे त्यांच्या सुधारक अनुयायांना मोठा धक्का बसला. महाराष्ट्रातील अत्यंत विद्वान माणसांना एका पेल्याचा आणि बिस्किटाचा जाब द्यावा लागला, ही घटना आज गमतीने सांगितली जाते. पण ज्यांना रोजच अशा पंगतींतून बाजूला काढले जात होते त्यांच्या दृष्टीने पाहिल्यास तिच्यातले कौर्य लक्षात येते. पाव आणि बिस्किट यांच्याविषयीचा संशय मुख्यतः दोन गोष्टींवर उभा होता : ते कोणाच्या हातचे आहे, आणि त्यात अंडे, ताडी किंवा चरबी पडली आहे का.

या संशयातून वाट काढली ती नानकटाईने. नानकटाईचा उगम सुरतेत सांगितला जातो. तेथील डच वखारीसाठी चालणारी भट्टी डच निघून गेल्यावर पारशी कारागिराकडे आली, पावाला उठाव राहिला नाही, तेव्हा पाव वाळवून विकता विकता त्याने तूप, साखर आणि पीठ यांची खुसखुशीत वडी बनवली, अशी ती परंपरागत हकीकत आहे. हकीकतीतील तपशील कसेही असोत, पदार्थाची रचना मात्र स्वतःच बोलते. नानकटाईत अंडे नाही, ताडी नाही आणि पाणीही जवळजवळ नाही. पिठाला बांधून ठेवते ते तूप. उत्तर व पश्चिम भारतातील शिवाशिवीच्या जुन्या नियमांत पाण्यात शिजलेले अन्न चटकन विटाळते आणि तुपात झालेले ‘पक्के’ अन्न त्यामानाने दुसऱ्याच्या हातचेही चालते. पाव नाकारणाऱ्या घरांनी नानकटाई स्वीकारली, याचे सर्वांत पटणारे स्पष्टीकरण येथे आहे. गिऱ्हाइकाने स्वतःचे तूप आणि पीठ दिले की उरलासुरला संशयही जात असे.

त्यातूनच पश्चिम महाराष्ट्रात आणि सोलापूर भागात बिस्किटे ‘करून आणण्याची’ रीत रूढ झाली. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात, तसेच ईद, लग्नकार्य किंवा मुलीची पाठवणी अशा प्रसंगी, घरातील माणसे मैदा, रवा, साखर, तूप, दूध आणि वेलदोडे घेऊन तालुक्याच्या किंवा बाजाराच्या गावी भट्टीवर जात. केम परिसरातील खेड्यांना त्यासाठी करमाळा, कुर्डुवाडी आणि बार्शी ही गावे सोयीची. बेकरीचा धंदा बऱ्याच ठिकाणी मुसलमान कुटुंबांच्या हाती होता आणि आहे. भट्टीवाला साहित्य तोलून घेतो, किलोमागे मजुरी ठरते, नंबर लागतो, आणि संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी पत्र्याचा डबा भरून माल परत मिळतो. दिवाळीत नंबर लांबला की घरातील कोणीतरी डब्याजवळ रात्र काढते, कारण आपले तूप आपल्याच बिस्किटांत पडले पाहिजे, याविषयी गृहिणी फार दक्ष असतात.

भट्टीचे काम जवळून पाहिले असता त्यातील कौशल्य ध्यानात येते. विटांची घुमटाकार पोकळी आत लाकडे पेटवून तापवतात, निखारे बाजूला सारतात किंवा ओढून काढतात, आणि मग विटांनी साठवलेल्या उष्णतेवर भाजणी होते. पहिल्या कडक आचेवर पाव निघतात. उष्णता उतरू लागली की बिस्किटांची वेळ येते, कारण भरपूर तूप-साखर असलेला गोळा कडक आचेत बाहेरून करपतो आणि आतून कच्चा राहतो. उष्णतामापक नसलेल्या भट्टीत कारागीर तोंडाशी हात धरून किंवा चिमूटभर पीठ आत टाकून ते किती वेळात तांबूस होते, यावरून अंदाज घेतो. त्याआधी परातीत तूप आणि पिठीसाखर तळहाताने फेसली जाते. घट्ट पिवळसर तूप हवा धरून पांढरे व हलके होईपर्यंत हे काम चालते, आणि नानकटाईचे यश निम्मे येथेच ठरते. एक किलो मैद्याला साधारण अर्धा किलो तूप आणि अर्धा किलो पिठीसाखर पडते. तुपाचा थर पिठाच्या कणांना वेढून गव्हाचा चिवट बंध जुळू देत नाही, म्हणून मैद्याचीही वडी खुसखुशीत होते. साच्यातून पाडायच्या दुधाच्या बिस्किटांत भट्टीवाले ज्याला नुसते ‘अमोनिया’ म्हणतात तो क्षार घालतात. तापल्यावर त्याचा सगळा वायू होतो आणि पातळ बिस्किटातून तो निघून जातो, मात्र बिस्किट जाड राहिले तर त्याचा उग्र वास आत अडकतो. लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने पत्रे आत सारणे आणि मागचे पुढे, पुढचे मागे करत राहणे हे अनुभवाचे काम, कारण भट्टीच्या सर्व बाजू सारख्या तापत नाहीत.

साहित्यही काळाप्रमाणे बदलले. साखर या जिल्ह्यात लवकर सुलभ झाली. सासवडहून आलेल्या माळी बागाईतदारांनी माळीनगर येथे 1932 मध्ये कारखान्याची स्थापना केली, आणि 1980 मध्ये भीमेवरील उजनी धरण पूर्ण झाल्यानंतर तर करमाळा-माढा भागात ऊस झपाट्याने पसरला. तुपाच्या जागी 1937 नंतर डालडा हे वनस्पती तूप आले. ते स्वस्त होते, रवाळ गोठत असे आणि फेसायला सोपे होते, त्यामुळे ज्या घरांत साजूक तुपाची नानकटाई परवडत नव्हती तेथेही बिस्किटांचा डबा दिसू लागला. चवीत यामुळे घट झाली, हे मान्यच करावे लागते. पण गरिबाच्या घरी दिवाळीला भट्टीचा खाऊ पोहोचला तो डालड्यामुळे, आणि ही बाब चवीच्या हानीपेक्षा मोठी आहे. 1972 च्या दुष्काळात मात्र सोलापूर जिल्ह्याला सणाचे भान उरले नव्हते. परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी आणि दुष्काळी कामांवर, शाळांत वाटली जाणारी सुकडी, म्हणजे भाजलेले पीठ आणि गूळ यांचे मिश्रण, यांवर त्या वर्षी असंख्य मुलांचे दिवस निघाले.

घरात प्रत्यक्ष भाजण्याची पद्धत या सगळ्याला समांतर, पण क्षीण धारेने चालत आली. पातेल्यात वाळू तापवून त्यावर ताटली ठेवायची, झाकणावर निखारे घालायचे आणि वर-खाली आच देऊन थोडी नानकटाई भाजायची, ही जुनी युक्ती; पुढे त्याच वाळूवर शिट्टी आणि रबर काढलेला प्रेशर कुकर आला, मग विजेचा ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन आला. 1970 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याची प्रमाणे मराठी घरांत रुजवली. भाजणीच्या पदार्थांना अशी ठराविक मापे फार आवश्यक असतात, कारण पातेल्यातील आमटी मध्येच चाखून सुधारता येते, आत गेलेले बिस्किट सुधारता येत नाही.

ओट्स या भागातील घरांत अलीकडे आले, तेही प्रथम पथ्याचे अन्न म्हणून; भारतात हे पीक मुख्यतः चाऱ्यासाठी घेतले जाते. ओट्सच्या बिस्किटांवर लावले जाणारे आइसिंग, म्हणजे पिठीसाखर थोड्या दुधात किंवा अंड्याच्या पांढऱ्यात कालवून केलेला दाट लेप, पाकातल्या चिरोट्यांची सवय असलेल्या हाताला फारसे परके वाटू नये. फरक असा की पाक गरम असतो आणि तारेची परीक्षा करून वापरावा लागतो, तर आइसिंग थंड असते आणि नुसत्या वाऱ्यावर वाळते. ओट्समुळे खडबडीत झालेल्या बिस्किटाची फक्त वरची बाजू लेपात टेकवून उचलली की उंचवट्यांना साखर लागते आणि खाचा तपकिरी राहतात. लेप पातळ झाला तर तो खाचांत उतरून बिस्किट मऊ पाडतो. बिस्किट पूर्ण निवल्याशिवाय लेप लावता येत नाही. सोलापूरची कोरडी हवा हिवाळ्यात या कामाला अनुकूल असते, पावसाळ्यात तोच लेप चिकट राहतो.

ओट्सप्रमाणेच ज्वारीच्या पिठाची आणि भाजलेल्या ज्वारीच्या रव्याची बिस्किटे आता होऊ लागली आहेत. 2016 मध्ये मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले, 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले गेले, आणि बचत गटांच्या मालात कडक भाकरीशेजारी ज्वारीची बिस्किटे दिसू लागली. भाकरीत ज्या गुणामुळे ज्वारी मळणाऱ्याला दमवते, तो ताणाचा अभाव बिस्किटात उपयोगी ठरतो. मात्र वडी मोडून भुगा होऊ नये म्हणून थोडी कणीक, दूध किंवा तूप हात राखून वाढवावे लागते. घरोघर ओव्हन पोहोचत असूनही दिवाळीच्या तोंडावर भट्टीवरची गर्दी टिकून आहे, कारण घरच्या ओव्हनमध्ये एका वेळी एक ताटली बसते आणि एकत्र कुटुंबाला, लेकीबाळींना, शेजाऱ्यापाजाऱ्यांना पुरतील एवढी पाच-दहा किलो बिस्किटे एका रात्रीत भाजून देण्याची ताकद विटांच्या त्या भट्टीतच आहे.