तळटीप : १९७८ पूर्वीचे घर

लेखिकेच्या मजकुरात मूल्यांकनकार खिडकीची चौकट निरखतो आणि घराचा ठरत आलेला व्यवहार अडतो, याचे कारण शिसे. अमेरिकेत घरगुती रंगांतील शिशावर १९७८ साली बंदी आली; त्याआधीच्या घरात शिसेयुक्त रंग असू शकतो असे धरूनच चालतात. कर्जाला फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशनचा विमा हवा असेल, तर घराच्या आतबाहेर, गॅरेज-कुंपणावरसुद्धा, रंगाचे पोपडे निघालेत का हे मूल्यांकनकाराने पाहून अहवालात नोंदवायचे असते. दुरुस्ती झाल्याशिवाय कर्ज पुढे सरकत नाही. शिशाची चाचणी मात्र त्याचे काम नव्हे. ती प्रमाणित तपासनीस करतो. १९९२च्या कायद्यानुसार विकणाऱ्याने ठाऊक असलेली माहिती दडवायची नाही आणि घेणाऱ्याला तपासणीसाठी १० दिवस द्यायचे.

खिडकीच का, हे लेखिकेने सांगितलेले नाही. वरखाली सरकणारे तावदान दर वेळी खाचेत घासते, रंगाची बारीक धूळ होते आणि ती खालच्या फळीवर साचते, नुकत्याच उभ्या राहू लागलेल्या मुलाच्या हाताशी. तो हात तोंडात जातो. शिशाने मेंदूची अशी झालेली हानी भरून येत नाही. म्हणूनच जुना रंग कोरडा घासू नये. ओला करून खरवडावा, मुलांना आणि गरोदर बाईला तोवर दुसरीकडे ठेवावे. भारतात रंगातील शिशाची ९० पीपीएम ही मर्यादा २०१७ मध्ये लागू झाली; आपल्याकडची जुनी दारे-खिडक्या खरवडतानाही हीच काळजी घ्यावी लागते. — संपा.