कात्रजच्या नळाचे उच्छ्वास

पुण्याच्या जुन्या पाणीपुरवठ्याविषयीं लिहितांना कात्रजचा तलाव व पेठांतील हौद यांचा उल्लेख बहुतेक लेखक करितात. परंतु त्या दोहोंस जोडणाऱ्या नळावर जागोजाग उभारिलेल्या दगडी मनोऱ्यांकडे, म्हणजे उच्छ्वासांकडे, फारच थोड्यांचें लक्ष गेलें आहे.

बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब पेशवे यांनीं इ. स. १७५० च्या सुमारास शहराच्या दक्षिणेस कात्रज येथें तलाव बांधवून तेथील पाणी पुण्यांत आणि शनिवारवाड्यांत आणविलें. वाड्यांतील हजारी कारंजें उडे तें ह्याच पाण्यावर. मुख्य नळ भूमिगत व चुनेगच्ची असून मनुष्यास आंत उतरून चालतां येईल इतका उंच आहे. पाणी चालतें तें केवळ उताराच्या बळावर. उपसण्याचें कोणतेंही यंत्र त्यांत नाहीं.

'उद्' व 'श्वास' यांच्या संधीनें सिद्ध झालेला हा शब्द बाणभट्टाच्या हर्षचरितांत प्रकरणवाचक आहे. मराठींत त्याचाच 'उसासा' झाला. ज्या कोणी तो या बांधकामास लाविला त्याची मार्मिकता वाखाणण्याजोगी होय. बंद नळांत कोंडलेली हवा प्रवाहास अडविते. तिला वर मोकळें तोंड मिळालें म्हणजे पाणी सुरळीत चालतें. दाब वाढला तर पाणी मनोऱ्यांत वर चढतें व नळ फुटण्याचें भय टळतें. उच्छ्वासास 'पाण्याची टाकी' म्हणणें म्हणूनच आम्हांस मान्य नाहीं. टाकीचें काम सांठविण्याचें, याचें मोकळें करण्याचें.

ही युक्ति पेशव्यांनीं प्रथम योजिली असें मात्र कोणीं समजूं नये. मलिक अंबरानें सतराव्या शतकाच्या आरंभीं खडकीस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, नहर आणिली, तिच्यावरही असे उच्छ्वास आहेत.

खडकवासल्याचें धरण १८७९ त पुरें झाल्यावर कात्रजच्या पाण्याचें महत्त्व ओसरलें. तथापि १२ जुलै १९६१ रोजीं पानशेत व खडकवासला दोन्ही फुटून शहराचे नळ कोरडे पडले, तेव्हां लोकांनीं पुनः जुन्या हौदांकडेच धांव घेतली.

रस्तारुंदींत असा मनोरा निरुपयोगी खांब समजून पाडला कीं जमिनीखालील नळाचा मार्ग दाखविणारी खूण जाते. पेठांतील जुन्या खरेदीखतांच्या चतुःसीमेंत नळ, हौद वा उच्छ्वास यांचा निर्देश ज्यांस आढळेल, त्यांनीं त्या ओळींची नक्कल, मिति व पेठेच्या नांवासह, मंडळाकडे पाठवावी. मूळ कागद पाठविण्याचें कारण नाहीं.